हिशोबाची वही : दिवे शाळेचे, वजावट मामाच्या ऑफिसला

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली की पहिले दोन दिवस आमच्या वर्गात अभ्यास म्हणून होत नाही. कोण आजोळी गेलं, कोणाच्या किल्ल्यावरचे मावळे मांजराने पाडले, कोणाच्या करंज्या तळताना फुटल्या, हे सगळं सांगून झाल्याशिवाय तोंडात पाढा येतच नाही. मीही आता घाई करत नाही.

यंदा सहावीतल्या एका मुलीने मात्र निराळीच बातमी आणली. तिचा मामा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. तिथे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तो दिव्यांचे आणि एसीचे आराखडे करतो. सुट्टीत तो घरी आला होता. फराळ करता करता त्याने सांगितलं, की त्यांच्या ऑफिसने एका सरकारी शाळेचे सगळे जुने दिवे बदलायचा आराखडा केला, शाळेचं विजेचं बिल उतरलं, आणि त्याबद्दल सरकारने त्यांच्या ऑफिसला करात वजावट दिली.

मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दिवे शाळेत लागले. वीज शाळेची वाचली. मग वजावट मामाच्या ऑफिसला कशी? शाळेला का नाही?"

वर्गात एकदम दोन तट पडले. मागच्या बाकावरून आवाज आला, "मामा लबाड!" पोरीचा चेहरा एवढासा झाला. आता खरं सांगते, उत्तर मलाही येत नव्हतं. मी म्हटलं, "शनिवारपर्यंत थांबा. मी वाचून येते. तोवर कोणाच्या मामाला कोणी लबाड म्हणायचं नाही." चार रात्री वाचलं, आणि शनिवारी सकाळच्या शाळेत जे फळ्यावर मांडलं, तेच आज इथे वहीत उतरवते आहे.

आधी वजावट म्हणजे काय ते बघू. समजा, एका दुकानदाराला शंभर रुपये नफा झाला आणि कराचा दर शेकडा वीस आहे. म्हणजे कर वीस रुपये. आता सरकार म्हणालं, "तुला दहा रुपयांची वजावट दिली." मग त्याचे दहा रुपये वाचले का? वर्गातले सगळे ओरडले, "हो!" साफ चूक. वजावट करातून होत नाही, नफ्यातून होते. शंभरातून दहा गेले, उरले नव्वद. नव्वदवर शेकडा वीसने कर अठरा रुपये. म्हणजे वजावट दहाची आणि वाचले फक्त दोन. (पालकहो, हसू नका. दर मार्चला आमच्या शिक्षकखोलीत दीड लाख गुंतवले म्हणजे दीड लाख कर वाचला असं समजणारे एखादे नवे गुरुजी निघतातच.)

आता अमेरिकेकडे वळू. तिथे ऑगस्ट २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष धाकटे जॉर्ज बुश यांनी ऊर्जेच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्यातून तिथल्या करकायद्यात एक नवं कलम आलं, १७९डी. १ जानेवारी २००६ पासून ते लागू झालं. हे राहत्या बंगल्यांसाठी नव्हतं. ऑफिसं, दुकानं, गोदामं, दवाखाने अशा मोठ्या इमारतींसाठी होतं. इमारतीच्या तीन गोष्टी त्यात धरल्या होत्या. एक आतले दिवे. दुसरी हवा गरम-थंड करायची आणि पाणी तापवायची यंत्रं. तिसरं इमारतीचं कवच, म्हणजे भिंती, छप्पर आणि खिडक्या. या सुधारून इमारतीचा ऊर्जेचा खर्च ठरवून दिलेल्या नमुन्याच्या इमारतीपेक्षा निम्म्याने कमी झाला, तर दर चौरस फुटाला १.८० डॉलरपर्यंत वजावट. तिन्हीपैकी एकच गोष्ट नीट सुधारली असेल, तर ६० सेंटपर्यंत.

नुसतं "केलं हो" म्हणून भागत नाही बरं का. जाणकार परवानाधारक माणसाने इमारत येऊन तपासायची आणि दाखला द्यायचा, मगच वजावट. आणि जेवढा खर्च केला, त्यापेक्षा जास्त वजावट कधीच मिळत नाही. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फळ्यावर हिशोब मांडला. आपला वर्ग २५ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे ५०० चौरस फूट. असे चाळीस वर्ग मावतील एवढी इमारत घेतली, २०,००० चौरस फुटांची. २०,००० गुणिले १.८० म्हणजे ३६,००० डॉलर वजावट. त्या काळी तिथल्या मोठ्या कंपन्यांना कराचा दर शेकडा ३५ होता. म्हणजे कर वाचला १२,६०० डॉलर. मालकाने खिडक्या-भिंतींवर आणि यंत्रांवर खर्च केला असेल ३६,००० किंवा त्याहून जास्त, आणि करात सुटले १२,६००. उरलेले त्याच्याच खिशातून गेले.

इथे एका मुलाने हात वर केला. (हा मुलगा गणितात कच्चा आहे असं मी दोन वर्षं समजत होते.) तो म्हणाला, "पण बाई, धंद्यासाठी खर्च केला तर तो नफ्यातून वजा होतोच ना? माझे बाबा डिझेलचा खर्च वजा करतात. मग सरकारने नवीन काय दिलं?"

शाबास! सगळी गंमत याच प्रश्नात आहे. धंद्याचा खर्च नफ्यातून वजा होतोच. पण डिझेल आज जळलं की संपलं, म्हणून त्याचा खर्च याच वर्षी वजा होतो. इमारत आज बांधली आणि उद्या संपली असं होत नाही. ती हळूहळू झिजते, म्हणून तिचा खर्चही हळूहळू वजा करायचा. याला घसारा म्हणतात. अमेरिकेच्या करकायद्यात ऑफिस किंवा दुकानाच्या इमारतीचा खर्च किती वर्षांत विभागून वजा करायचा, माहीत आहे? ३९ वर्षांत! म्हणजे इमारतीच्या कवचावर आज ३६,००० डॉलर खर्च केले, तर दर वर्षी वजा होणार साधारण ९२३ डॉलर, आणि शेकडा ३५ ने कर वाचणार सुमारे ३२३. असं ३९ वर्षं. आज पंचेचाळिशीचा असलेला मालक तोवर चौऱ्याऐंशीचा होईल. १७९डी कलम म्हणालं, "३९ वर्षं थांबू नकोस. पहिल्याच वर्षी सगळे वजा कर." एकदा असे वजा केले, की त्या पैशांचा घसारा पुन्हा मागता येत नाही.

आता बेरीज करा. ३२३ गुणिले ३९ केलं की १२,६०० च्या आसपासच येतं. बेरीज तीच! फक्त ती आज मिळते.

"मग काय फायदा?" वर्गाला पटेना. मी विचारलं, "आजी म्हणाली, दर रविवारी एक रुपया देईन, ३९ रविवार. नाहीतर आजच घे ३९ रुपये. काय घ्याल?" सगळे म्हणाले, "आजच!" का? एक म्हणाला आजच बॅट घेता येईल. एक म्हणाली तोवर वस्तू महागतील. एक डांबरट म्हणाला, "आजी विसरते." तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. आज हातात आलेल्या पैशातून मालक आज दुसरं काम करतो, पैशाची किंमत पुढे घटते, आणि पुढच्या ३९ वर्षांत कायदा, मालक, धंदा यांतलं काय टिकेल ते कोणी सांगावं?

पण वीज वाचली तर मालकाचं बिल कमी होणारच, मग त्याला वर ही लालूच कशाला, असा प्रश्न पालकांच्या मनात आला असेल. भाड्याच्या घरात राहिलेल्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीची खिडकी वाऱ्याने रात्रभर वाजायची. पल्ला बदलायचा घरमालकाने आणि थंडी सोसायची आम्ही. मग तो कशाला बदलेल? मोठ्या शहरांतल्या ऑफिसांचंही पुष्कळदा तसंच असतं. खिडकी मालकाची आणि बिल भाडेकरूचं. मालक म्हणतो माझा खर्च मी का करू, भाडेकरू म्हणतो दुसऱ्याच्या भिंतीत मी पैसे का घालू, आणि वर्षानुवर्षं उष्णता आपली बाहेर पळत राहते. वजावट मिळते ती खर्च करणाऱ्याला. म्हणून ती अशा मालकाला जागचा हलवू शकते.

खिडक्यांचा विषय निघालाच आहे, तर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९३१ साली पुरी झालेली, १०२ मजल्यांची. २००९ मध्ये मालकांनी ठरवलं की म्हातारीचा ऊर्जेचा खर्च उतरवायचा. तिच्या खिडक्या किती होत्या? ६,५१४! आपण काय केलं असतं? जुन्या काढून भंगारात आणि नव्या आणल्या असत्या. त्यांनी चक्क इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच छोटा कारखाना थाटला. खिडक्या काढून तिथे आणायच्या, दोन काचा सुट्या करायच्या, मध्ये एक पातळ पारदर्शक पडदा ताणून बसवायचा, पोकळीत आरगॉन आणि क्रिप्टॉन हे वायू भरायचे आणि खिडकी परत जागेवर लावायची. जुन्या काचा आणि चौकटी यांपैकी शेकडा ९६ माल पुन्हा वापरात आला. हे वायू उष्णतेला सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाहीत. आपली गोधडी कशी, थरांमध्ये हवा धरून ठेवते म्हणून उबदार असते, तशी ही काचेची गोधडी.

तिथे हिवाळ्यात खोल्या तापवायला खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीलगत लोखंडी रेडिएटर असतात. त्यांची बरीच उष्णता भिंतीतून थेट रस्त्यावर जायची! म्हणून त्यांच्या पाठीमागे उष्णता परतवणारं चकचकीत अस्तर लावलं. मग एक मजा झाली. खिडक्या सुधारल्यावर आत थंडावा करायची गरजच कमी झाली, त्यामुळे थंडाव्याची अवाढव्य यंत्रं नवी आणावी लागली नाहीत, जुनीच खोलून दुरुस्त केली. म्हणजे क्रम महत्त्वाचा, आधी खिडकी मग यंत्र. आपल्याकडे आधी एसी आणतात आणि मग दाराच्या फटीत पायपुसणं कोंबतात! या सगळ्यातून इमारतीचा ऊर्जेचा वापर शेकडा ३८ ने उतरेल आणि वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलर वाचतील असा हिशोब त्यांनी मांडला होता. इमारत मिळून एक जिन्नस आहे, असं धरूनच कायद्यानेही सबंध इमारतीचा खर्च निम्म्यावर आणण्याची अट घातली असावी असं मला वाटतं.

बरं, आता मामाकडे येऊ. पोरगी पहिल्या बाकावर येऊन बसली होती.

सरकारी शाळा नफा कमवते का? नाही. मग ती आयकर भरते का? तोही नाही. आता ज्याचा कर शून्य, त्याला वजावट देऊन काय होणार? चणे आहेत पण दात नाहीत! शाळेच्या हातात ती वजावट नुसती कागद होऊन पडली असती. कायदा करणाऱ्यांना हे दिसत होतं. म्हणून त्यांनी सोय ठेवली, की इमारत सरकारी असेल तर ही वजावट आराखडा करणाऱ्याच्या नावे करता येईल. म्हणजे आर्किटेक्ट, इंजिनिअर यांच्या नावे. नुसते दिवे बसवणाऱ्याला किंवा दुरुस्ती करणाऱ्याला नाही, ज्याने डोकं चालवून तो आराखडा केला त्यालाच. त्यामागचा विचार असा, की शाळेला कराची लालूच दाखवून उपयोग नाही, तर आराखडा करणाऱ्याला दाखवू, म्हणजे तो साध्या दिव्यांऐवजी चांगले दिवे, चांगल्या खिडक्या सुचवील. पुढे २०२३ पासून धर्मादाय संस्थांच्या इमारतींनाही ही सोय मिळाली.

म्हणजे मामा लबाड नव्हता. शाळेचं काही गेलं नाही. तिचं बिल दर महिन्याला उतरलं ते उतरलंच. मागच्या बाकाने मोठ्या मनाने माघार घेतली.

तरी या कायद्याचं सगळंच मला पटलं असं नाही. सुरुवातीला तो कायमचा नव्हता. मुदत संपायची आणि मग संसद पुन्हा वाढवून द्यायची. ती संपली २०१६ अखेर. २०१७ साल सगळं कोरडं गेलं. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ठराव झाला, की २०१७ साली ज्यांनी कामं केली त्यांनाही वजावट! आता सांगा, धावण्याची शर्यत होऊन गेल्यावर जाहीर केलं की पहिल्याला बक्षीस आहे, तर त्या बक्षिसासाठी कोणी जोरात धावलं असेल का? जो धावला तो तसाही धावणारच होता. डिसेंबर २०२० मध्ये अखेर ते कलम कायम केलं.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या काळात ते आणखी वाढवलं, २०२३ पासूनच्या कामांसाठी. आता शेकडा २५ बचतीपासूनच वजावट सुरू, आणि शेकडा ५० बचत असेल तर चौरस फुटाला १ डॉलर. पण काम करणाऱ्या मजुरांना त्या भागात ठरलेली मजुरी दिली आणि शिकाऊ कामगारांना ठरल्याप्रमाणे कामावर घेतलं, तर त्याच्या पाचपट, म्हणजे ५ डॉलर! शिवाय महागाईप्रमाणे हे आकडे दरवर्षी थोडे वाढवायचे. खिडकीच्या कायद्यातून शिकाऊ मुलाला हातात हत्यार मिळावं, ही कल्पना मला फार आवडली.

आणि "कायम" या शब्दाचं काय झालं, तेही ऐका. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या कायद्यावर सही केली. ज्या इमारतीचं काम ३० जून २०२६ नंतर सुरू होईल, तिला ही वजावट नाही. आजीला ३९ आठवड्यांनी विचारू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे असं काही आहे का, असं पालक विचारतील. आपल्या आयकरातही ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांवर जास्त घसारा देण्याची पद्धत फार वर्षांची. पूर्वी तो शेकडा ८० होता, १ एप्रिल २०१७ पासून ४० वर आणला. युक्ती तीच, पुढचं आज वजा करू द्यायचं. पुण्यात महानगरपालिकेने मिळकतकरात वेगळी वाट धरली. घरावर सौर ऊर्जेची यंत्रणा, पावसाचं पाणी साठवण्याची सोय किंवा गांडूळखताचा प्रकल्प यांपैकी एक केलं तर ५ टक्के आणि दोन किंवा जास्त केलं तर १० टक्के सूट. ही वजावट नव्हे, ही थेट करातली सूट. फरक आता तुम्हीच आईबाबांना समजावून सांगा.

तास संपता संपता त्या मुलीने पुन्हा हात वर केला. "बाई, वजावट मामाच्या नावे करायची, ती कोण करतं? सरकार?"

नाही, शाळाच. इमारत ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या अधिकाऱ्याने लेखी पत्रावर सही करून द्यावी लागते. ती सही नसेल तर आराखडा करणाऱ्याला काही मिळत नाही.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सही शाळेची. मग मी तिथली मुख्याध्यापक असते ना, तर सही करायच्या आधी म्हटलं असतं, आराखड्याच्या बिलात काय कमी करता ते आधी सांगा."

वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातून गुरुजी डोकावले. संध्याकाळी तिने घरून मामाला फोन लावला. सोमवारी येऊन तिने त्याचं उत्तर सांगितलं : "अगं, तसं विचारणारे असतात. आमचे साहेब त्यांना घाबरूनच असतात."

आता या आठवड्याचं गणित. न्यू जर्सीतल्या एका ऑफिसच्या मालकाची इमारत ३०,००० चौरस फुटांची आहे. त्याने सगळ्या अटी पाळल्या, म्हणून त्याला चौरस फुटाला ५ डॉलरचा दर लागू झाला. त्याने सुधारणांवर एकूण ९०,००० डॉलर खर्च केले. त्याच्या कंपनीचा कराचा दर शेकडा २१ आहे. तर या वजावटीने त्याचा कर किती वाचला? ३०,००० ला ५ ने गुणून घाईघाईने उत्तर लिहाल तर फसाल. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य वर जाऊन पुन्हा वाचा. रीत दाखवून उत्तर पोस्टकार्डावर लिहा, इयत्ता लिहायला विसरू नका. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.